चालक, वाहक आणि सल्लागार

मराठी माणसाला गाडी चालवण्यापेक्षा चालवणाऱ्याला सांगण्यात अधिक रस. रिक्षात बसला की ‘पुढून डावीकडे घ्या, तिकडून जवळ पडतं’. एसटीत बसला की ‘हा साइड का देत नाही त्याला?’ आणि जावयाच्या नव्या गाडीत मान म्हणून पुढे बसवला, की त्याचा उजवा पाय तिथे नसलेल्या ब्रेकवर दर वळणाला दाबला जातो. ही विद्या कुणी शिकवत नाही, ती अंगातच असते. चाळिशीनंतर चष्म्याबरोबर बाहेर पडते, एवढंच.

या विद्येचा कस लावायचा असेल तर माणसाला बोलिव्हियात न्यावं. दक्षिण अमेरिकेच्या मधोमध बसलेला हा देश. त्याला समुद्रकिनारा नाही. पूर्वी होता, पण १८७९ साली चिलीशी सुरू झालेल्या युद्धात गेला. नौदल मात्र त्यांनी मोडलं नाही. ते टिटिकाका सरोवरात आणि नद्यांमध्ये सराव करत असतं आणि दरवर्षी २३ मार्चला सगळा देश समुद्र दिन पाळतो. बांधाचे दावे तीन-तीन पिढ्या चालवणाऱ्या आपल्या लोकांना हे समजायला काहीच जड जात नाही.

तर या देशाचा रानमुलूख बघायला तीन वाहनं लागतात: सायकल, घोडा आणि जीप. सायकल तुमचं सगळं ऐकते. घोडा त्याला पटेल तेवढं ऐकतो. जीपचा ड्रायव्हर काहीच ऐकत नाही, कारण त्याला मराठी येत नाही. आणि आमच्या मंडळींकडे पाहून माझ्या ध्यानात आलेला नियम असा, की वाहन आपल्या ताब्यात जितकं कमी, तितका सल्ला जास्त.

मंडळी म्हणजे आमची सौ., न्यू जर्सीत राहणारा तिचा धाकटा भाऊ आणि तिचे काका-काकू. मेहुण्याने या सहलीची एक्सेल शीट केली होती आणि तिच्यात ‘दम लागणे’ यासाठीही वेगळा रकाना होता. काका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त झाले ते बँकेतून, मॅनेजरपदावरून अजून नाहीत.

गंमत म्हणजे ही तिन्ही वाहनं तिथल्या मातीतली नव्हेत. इंका लोकांनी अँडीज पर्वतातून सुमारे ३०,००० किलोमीटरांचं रस्त्यांचं जाळं विणलं. दगडी पायऱ्या, गवताचे दोर वळून केलेले झुलते पूल, टप्प्याटप्प्यावर धर्मशाळा आणि कोठारं, सगळं चोख. फक्त त्यावरून पळवायला चाक नव्हतं आणि घोडाही नव्हता. अमेरिका खंडातले मूळचे घोडे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच नामशेष झाले होते, ते परत आले स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून. तोवर निरोप घेऊन पळायला चास्की नावाचे जासूद होते आणि ओझं वाहायला लामा. हा लामा मात्र फार विचारी प्राणी. पंचवीस-तीस किलोपर्यंत निमूट नेतो, त्यावर दोन किलो चढवलंत तर खाली बसतो. ओढलंत तर थुंकतो. मोठ्या माणसाला पाठीवर बसवून घेण्याच्या भानगडीत तो हजारो वर्षांत पडलेला नाही. आमच्या पुढच्या सगळ्या हाल-अपेष्टा कडेला उभे राहून, रवंथ करत, पाहिल्या त्या या लामांनीच.

विमान उतरतं एल आल्तो इथे. समुद्रसपाटीपासून ४,०६१ मीटर. आपलं महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली तरी ती या धावपट्टीच्या पुष्कळ खालीच राहील. एरवी विमानातून बाहेर पडताना काका तोंडाने सूचना देतात, इथे त्यांना पायऱ्या उतरून श्वास घ्यायला थांबावं लागलं. आम्हाला ती शांतता ओळखीची नव्हती. मग हॉटेलात कोकाच्या पानांचा कढत चहा मिळाला. डोंगर चढून डोकं धरलं की तिथे हा चहा देतात आणि राजरोस देतात. काकूंनी त्यात आलं आणि साखर घालून घेतली. तासाभराने काका उठून बसले, खिडकीशी गेले आणि खाली चाललेल्या बसची पार्किंग चुकते आहे असं म्हणाले. बरं वाटल्याची ती खूण.

ला पाझमध्ये संसद भवनावर एक घड्याळ आहे, ते उलटं फिरतं. २०१४ साली सरकारने मुद्दाम तसं केलं; आम्ही दक्षिण गोलार्धातले, आमचे काटे उत्तरेच्या रिवाजाने का फिरावेत, असं म्हणून. शहरात वाहतूक शिस्त लावायला झेब्र्याचा पोशाख घातलेली तरुण मुलं चौकात नाचतात. काका त्या झेब्र्याजवळ बराच वेळ उभे होते. आपल्यासारखंच काम करणारा, आणि तेही गणवेशात, असा माणूस त्यांना आयुष्यात प्रथमच भेटला असावा.

पहिलं वाहन सायकल. ‘सगळा उतारच आहे, पॅडल मारायचीच नाही’ एवढं सांगून मेहुण्याने आम्हाला पटवलं होतं. हे खोटं नव्हतं. ला पाझच्या वर ला कुंब्रे नावाची खिंड आहे, साधारण ४,७०० मीटरांवर. तिथून खाली योलोसापर्यंत साठ-पासष्ट किलोमीटरांत साडेतीन हजार मीटर उतरायचं. उताराबद्दल मेहुणा खरं बोलला, रस्त्याचं नाव तेवढं त्याने शेवटच्या रात्री सांगितलं. स्थानिक लोक त्याला ‘मृत्यूचा रस्ता’ म्हणतात. १९३० च्या दशकात चाको युद्धातल्या पॅराग्वेच्या कैद्यांकडून हा रस्ता डोंगराच्या छातीत खोदून घेतला गेला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला ढग आणि मधे कुठे-कुठे जेमतेम तीन मीटर रुंदी. १९९५ साली इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने याला जगातला सगळ्यात धोकादायक रस्ता ठरवलं. ‘बँकेने म्हटलंय म्हणजे पाहणी करूनच म्हटलं असणार,’ काका म्हणाले आणि त्यांनी आपण मागच्या व्हॅनमधून येणार असल्याचं जाहीर केलं.

निघण्याआधी गाइडने एक छोटी बाटली काढली. आधी चार थेंब जमिनीवर, पाचामामासाठी, म्हणजे धरित्रीमातेसाठी. मग चार थेंब पुढच्या टायरवर. मग प्रत्येकाच्या ओठाला एक घोट. काकांनी बाटलीवरचं लेबल वाचलं: ९६ टक्के अल्कोहोल. ‘अरे, हे इंजेक्शनआधी दंडाला लावतात ते!’ पण काकूंना त्यातलं वर्म बरोबर कळलं. ‘टायरला लावतोय म्हणजे पूजाच आहे ती,’ असं म्हणत त्यांनी पर्समधून हळदीकुंकवाची डबी काढली आणि आमच्या तिन्ही सायकलींच्या हँडलला बोटं लावली. गाइडला यात काहीही वावगं वाटलं नाही. त्याने आपली सायकल पुढे केली. टिटिकाकाच्या काठी कोपाकबाना नावाचं गाव आहे, तिथे लोक नव्या गाड्या फुलांच्या माळा घालून देवळासमोर रांगेत उभ्या करतात, पाद्रीबाबा पाणी शिंपडतात आणि मालक वरून बिअर उडवतो. दसऱ्याला झेंडूचा हार आणि चाकाखाली लिंबू, हे आपलं जसं, तसंच ते. त्या डबीने काकू तिथल्या झाल्या, आम्हाला मात्र त्यासाठी फार धूळ खावी लागली.

आता रस्त्याचा नियम ऐका. अख्ख्या बोलिव्हियात वाहनं उजवीकडून चालतात. फक्त या रस्त्यावर डावीकडून. कारण गाडीचं स्टीअरिंग डावीकडे असतं. उतरणाऱ्या ड्रायव्हरने डाव्या, म्हणजे दरीच्या कडेला राहिलं की खिडकीतून मान काढून चाक आणि दरी यांतलं अंतर त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. आपल्या देशातही वाहनं डावीकडूनच चालतात. त्यामुळे ‘डावी बाजू’ हे शब्द ऐकताच माझ्या मनाला फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं पहिल्या वळणापर्यंत टिकलं. तिथे डावी बाजू नव्हतीच, नुसती हवा होती.

सायकल हे जगातलं सगळ्यात आज्ञाधारक वाहन आहे आणि तिचा खरा त्रास तोच आहे. जिकडे बघाल तिकडे ती जाते. दरीकडे बघू नका, असं गाइडने तीनदा सांगितलं होतं. आता दरीकडे बघू नका म्हटल्यावर माणूस कुठे बघणार? मी पुढच्या चाकाकडे बघत होतो. अंगठ्याएवढा दगड डोळ्यांत धोंड्याएवढा मोठा होत येतो, चाकाखाली जातो आणि दुसरा उगवतो. दोन्ही ब्रेकवर बोटं इतकी आवळलेली की थांबल्यावर ती सोडवायला सौ.ला मदत करावी लागली. हेल्मेटमध्ये स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. त्या संपूर्ण उतारावर मी कुणालाही, कसलाही सल्ला दिला नाही. सौ. मला मागे टाकून गेली तेव्हा तिला ‘सावकाश’ म्हणावंसंही वाटलं नाही. सायकलवरचा माणूस इतका स्वतःच्या ताब्यात असतो की दुसऱ्याचा विचार करायला त्याला सवडच राहत नाही.

ती कसर मागची व्हॅन भरून काढत होती. खिडकीतून माकडटोपी बाहेर आणि तिच्यातून आवाज: ‘गुडघे आत! मान वर! अरे, त्याला सांगा कोणीतरी, मान वर!’ एका ठिकाणी वरच्या कड्यावरून धबधबा थेट रस्त्यावर पडतो. त्याच्याखालून जाताना मला दोनेक सेकंद काही ऐकू आलं नाही, आणि सबंध रस्त्यावरचं माझं सर्वांत आवडतं ठिकाण तेच.

मधे-मधे कडेला क्रूस लागतात. १९८३ च्या जुलैत इथून एक बस खाली गेली होती. शंभरहून जास्त माणसं. त्या टप्प्यात व्हॅनमधूनही आवाज आला नाही. २००६ च्या सुमाराला शेजारच्या डोंगरातून नवा, डांबरी, रुंद रस्ता झाला, म्हणून आज जुन्यावर मुख्यतः सायकलवालेच दिसतात. म्हणजे ज्या रस्त्यावरून लोकांनी नाइलाजाने, जीव मुठीत धरून जायचं ते बंद केलं, त्याच रस्त्यावरून आम्ही पैसे भरून गेलो. वर बर्फाळ वारा, खाली केळी, कॉफी आणि घामाच्या धारा. दर अर्ध्या तासाने एक कपडा उतरवत आम्ही योलोसाला पोचलो तेव्हा ‘मी मृत्यूच्या रस्त्यावरून आलो’ अशा अर्थाचा टीशर्ट प्रत्येक सायकलस्वाराला मिळाला. काकांनीही मागितला. ‘जीव आमचाही टांगणीलाच होता,’ असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खोडून काढणं अवघड होतं.

दुसरं वाहन घोडा. त्यासाठी देशाच्या दक्षिणेला तुपिसा गाठावं लागतं. गाव छोटं, साधारण २,९०० मीटरांवर, भोवती लाल-तांबड्या दगडांचे डोंगर आणि माणसाच्या दुप्पट उंचीचे निवडुंग. बसचा प्रवास रात्रभराचा होता आणि त्याच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. बसच्या खिडकीची काच लागत नव्हती, एवढं पुरे.

घोडा म्हटल्यावर मराठी माणसाचा आवाज खाली उतरतो आणि छाती वर येते. अटकेपार वगैरे. प्रत्यक्षात आमच्या पिढीचा घोड्याशी संबंध दोनदाच आलेला: एकदा माथेरानला आणि एकदा वरातीत. दोन्ही वेळा लगाम दुसऱ्याच्या हातात होता. काका मात्र तबेल्यातल्या घोड्यांच्या रांगेपुढून मानवंदना स्वीकारल्यासारखे चालत गेले आणि सगळ्यात उंच घोड्यावर त्यांनी बोट ठेवलं. गाइड म्हणजे मिसरूड फुटत असलेला पोरगा होता, गालात कोकाच्या पानांचा बोकाणा. त्याने काकांच्या पोटाकडे पाहिलं, घोड्याच्या पाठीकडे पाहिलं आणि शेजारची एक आडव्या बांध्याची, झोपाळू घोडी पुढे आणली. माणूस बघून कर्ज किती द्यायचं हे काकांनी आयुष्यभर ठरवलं. इथे त्यांना बघून कुणीतरी ठरवत होतं.

घोडा अर्धंच ऐकतो म्हणजे काय, ते सांगतो. लगाम उजवीकडे ओढला की तो उजवीकडे वळतो, पण उजवीकडे झुडूप असेल तरच. टाच मारली की चालतो; म्हणजे तो चालणारच होता, टाच मारल्याचं समाधान तेवढं आपलं. पुढच्या घोड्याच्या शेपटीला नाक लावून चालणं हे त्याच्या आयुष्याचं ध्येय. त्याला वाटेच्या मधून चाला म्हटलं तर तो कडेने चालतो, आणि मोजून सांगतो, कडेपासून एक वीत. पण सायकलवर जी धडकी भरली होती ती इथे भरत नाही. दरीत पडण्याची इच्छा घोड्यालाही नसते आणि हे एकदा लक्षात आलं की माणसाचं ओझं निम्मं होतं. ओझं निम्मं झालं की तोंड सुटतं. मी सौ.ला पाठ ताठ ठेवायला सांगितलं. सौ.ने मला पाय रिकिबीत नीट घालायला सांगितलं. मेहुण्याने दोघांनाही गुरुत्वमध्याबद्दल सांगितलं. काका घोडीशीच बोलत होते: ‘चल गं बाई. अगं, ते नको खाऊस, काटे आहेत. बघ, सांगितलं होतं.’

वाटेत डोंगराच्या दोन उभ्या, पातळ भिंती समोरासमोर उभ्या आहेत, त्याला ‘सैतानाचा दरवाजा’ म्हणतात. लाल दगड, वर निळंभोर आकाश, मधून आमची वरात. पुढे एक खोरं लागतं, ‘वाये दे लोस माचोस’, म्हणजे मर्दांचं खोरं. तिथे वाऱ्या-पावसाने झिजून उभे राहिलेले मोठमोठे दगडी सुळके आहेत. त्यांचा आकार पाहून ते नाव का पडलं हे विचारावं लागत नाही. मेहुण्याला अचानक खोकला आला. सौ. क्षितिजाकडे पाहू लागली. काकूंनी मात्र घोड्यावरूनच हात जोडले. ‘बाई गं, केवढी ही लिंगं! स्वयंभू दिसतात,’ असं म्हणून त्यांनी गाइडच्या पोराला खुणेनेच विचारलं, इथे पूजा कोण करतं? तो पोरगा कानांपर्यंत लाल झाला आणि घोडा पुढे काढून बराच वेळ मागे वळला नाही.

याच मुलखात बुच कॅसिडी आणि सनडान्स किड या अमेरिकन दरोडेखोरांचा शेवट झाला, असं म्हणतात. नोव्हेंबर १९०८ मध्ये दोघा परदेशी दरोडेखोरांनी आरामायो खाण कंपनीचा पगार लुटला आणि सान व्हिसेंते नावाच्या खेड्यात ते मुक्कामाला थांबले. त्यांना पकडून दिलं ते त्यांच्याजवळच्या खेचराने. खेचर कंपनीचंच होतं, अंगावर कंपनीचा डाग. गावकऱ्याने तो ओळखला, शिपाई आले, गोळीबार झाला. एवढे अट्टल लोक, आगगाड्या लुटलेले, पण चोरीचं वाहन घेऊन पळताना नंबर प्लेट बदलायला विसरले. १९९१ मध्ये तिथली एक कबर उकरून पाहिली, पण डीएनए काही जुळला नाही. १९६९ सालच्या त्यांच्यावरच्या गाजलेल्या चित्रपटात पॉल न्यूमन सायकल चालवतो ते दृश्य लोक अजून विसरलेले नाहीत. त्यातला बोलिव्हिया मात्र मेक्सिकोत चित्रित केलेला आहे. हे सगळं मेहुणा सांगत होता. काकांनी ऐकून एकच विचारलं, ‘खेचराचे कागद बघितले नव्हते का त्यांनी?’

परतीला तोंड वळवलं आणि आमच्या घोड्यांना घराचा वास आला. सकाळपासून पेन्शनरांच्या चालीने चालणारी ती सगळी जनावरं एकदम सुटली. लगाम, टाच, ‘चल गं बाई’, कशाचाच संबंध उरला नाही. काकांची झोपाळू घोडी सगळ्यांच्या पुढे होती. तबेल्यात पोचल्यावर काका उतरले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, ‘शेवटी मी तिला जरा मोकळी सोडली.’ त्या रात्री आम्ही सगळे उभ्याने जेवलो.

तिसरं वाहन जीप. तुपिसाहून उयुनीपर्यंत, सुद लिपेस नावाच्या ओसाड पठारावरून, चारेक दिवसांचा रस्ता. रस्ता म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो. गाडी जुनी लँड क्रूझर, डोक्यावर पेट्रोलचे कॅन, गॅसची टाकी आणि आमच्या बॅगा. आत ड्रायव्हर, स्वयंपाकीण बाई आणि आम्ही. मागच्या सीटवर बसणाऱ्याचे गुडघे त्याच्या हनुवटीला लागतात. ती जागा मेहुण्याच्या एक्सेलमध्ये माझ्या नावावर होती. पुढची सीट अर्थात काकांची.

या पठारावर वाट एक नसते. वाळूत वीस-पंचवीस चाकोऱ्या शेजारी-शेजारी पसरलेल्या असतात आणि ड्रायव्हर त्यांतली एखादी निवडतो. का निवडतो ते त्याचं तो जाणे. दर वेळी काकांना तिच्या शेजारची पसंत असायची. पहिल्या दिवशी त्यांनी मराठीत सांगितलं. ड्रायव्हर हसून ‘सी, सी’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच मोठ्याने सांगितलं, कारण परभाषिकाला मराठी मोठ्याने बोललं की कळतं अशी आपली श्रद्धा आहे. मग हातवारे सुरू झाले. गाडी सुसाट जात होती, स्पीकरवर कुंबिया वाजत होता. काकांनी तळहात खाली दाबून ‘हळू, हळू’ अशी खूण केली. ड्रायव्हरने आदराने मान हलवली आणि गाण्याचा आवाज कमी केला. काकांनी पुन्हा खूण केली, जास्त जोरात. ड्रायव्हरने गाणं बंद केलं. वेग तोच. उरलेला दिवस आम्ही त्याच वेगाने, पण शांततेत गेलो, आणि ड्रायव्हर अधूनमधून काकांकडे हिरमुसल्यासारखा पाहत होता.

बाहेर जे होतं ते कुणाच्याच सल्ल्याने झालेलं नव्हतं. लाल पाण्याचं तळं, लागुना कोलोराडा, ४,२०० मीटरांहून उंच. शेवाळामुळे लाल, मधे बोरॅक्सची पांढरी बेटं आणि त्यात फ्लेमिंगो. तीन जातींचे फ्लेमिंगो असतात इथे, गारठ्यात एका पायावर उभे. ‘हे ठाण्याच्या खाडीत येतात की,’ काकू म्हणाल्या. जाती वेगळ्या, पण काकूंचा मुद्दा वेगळा होता: ठाण्याला लोकलने जाता येतं. पुढे ४,८०० मीटरांवर सोल दे मान्याना, तिथे जमिनीतून पहाटे वाफेचे फवारे निघतात आणि राखाडी चिखल रटरटत असतो. पहाटे म्हणजे शून्याखाली किती ते विचारू नका. काकांची माकडटोपी त्या दिवशी आम्ही पाळीपाळीने घातली. त्यानंतर लिकानकाबुर ज्वालामुखीच्या पायथ्याचं हिरवं तळं. फोटो काढायला हातमोजा काढावा लागे, म्हणून माझ्याकडे त्याचा फोटो नाही.

मुक्कामाची घरं विटा-मातीची, ऊब घ्यायला शेगडी नाही, अंगावर पाच-पाच घोंगड्या. अशाच एका मुक्कामी संकष्टी आली. ‘तिकडचं भलतंसलतं नको’ म्हणून काकूंनी पुण्याहून साबुदाणा, दाण्याचं कूट आणि तुपाची बरणी आणलेली होती. बटाटे आणि मिरच्या त्यांनी स्वयंपाकीण बाईंकडून घेतल्या. मेहुणा न राहवून बोलून गेला: काकू, बटाटा मूळचा इथलाच, अँडीजमधला. शेंगदाणा बोलिव्हियाच्या दक्षिणेतला आणि त्याला लागून असलेल्या अर्जेंटिनातला. साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो कसावा शेजारच्या ब्राझीलकडचा. मिरचीही पोर्तुगीज येईपर्यंत आपल्याकडे नव्हती, तीही अमेरिका खंडातलीच. जिरं पश्चिम आशियातलं. तूप तेवढं आपलं. काकूंनी शांतपणे खिचडी परतली. ‘म्हणजे मी यांचंच यांना परत आणून दिलं म्हण की,’ त्या म्हणाल्या. त्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, बटाटा काही शिजेना. मग स्वयंपाकीण बाईंनी कपाटातून प्रेशर कुकर काढला. दोघी एकमेकींची भाषा न कळता शिट्ट्या मोजत बसल्या. त्या बाईंनी स्वतःचं ‘सोपा दे मानी’ केलं होतं, शेंगदाण्याचं दाट सूप. काकूंना वाटलं, थेट आपली उपासाची दाण्याची आमटी. वाटी हातात घेतली, चमचा बुडवला आणि आमटीत हाड लागलं. चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात पुण्याची छापलेली होती. काकूंनी दारातून बाहेर पाहिलं, चंद्र डोंगरावर होता. त्यांनी त्याला नैवेद्य दाखवला आणि प्रश्न मिटवला.

पंक्चर झालं ते यानंतर, भर वाळवंटात. ड्रायव्हर चाकाशी गुडघ्यांवर बसला. काका पाठीशी. ‘आधी नट सैल करायचे, मग जॅक लावायचा.’ ते ड्रायव्हरने केलेलंच होतं. ‘दगड लाव मागच्या चाकाला.’ तोही लावलेला होता. शेवटी ड्रायव्हरने वर पाहिलं, काकांची टोपी अलगद काढून त्यांच्याच हातात उलटी दिली आणि चाकाचे नट एकेक करून तिच्यात टाकले. काका एकदम गप्प झाले. वाऱ्यात टोपी छातीशी धरून, दर मिनिटाला नट मोजत, ते चाक बसेपर्यंत हलले नाहीत. माणसाच्या हातात काहीतरी दिलं की त्याचं तोंड बंद होतं, हे त्या ड्रायव्हरला कुठल्या कॉलेजात शिकवलं होतं कोण जाणे.

शेवटी सालार दे उयुनी. दहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठं मिठाचं मैदान. म्हणजे आपला अख्खा सातारा जिल्हा घ्यायचा, महाबळेश्वर, सज्जनगड, कास, सगळं लाटण्याने सपाट करायचं आणि वर मीठ पसरायचं. एवढ्या विस्तारात उंचसखलपणा एका मीटरच्या आत-बाहेर. इतकं सपाट, की अवकाशातले उपग्रह आपली उंची मोजायची यंत्रं या मैदानावरून तपासून घेतात. पायाखाली मिठाच्या षटकोनी फरशा आणि त्यांच्या कडांना बोटभर उंचीचे मिठाचे बांध. काकूंनी वाकून एक कण जिभेवर ठेवला, मग मूठभर पिशवीत भरून घेतलं: घरी गेल्यावर सगळ्यांची दृष्ट काढायला. मोहऱ्या पुण्यात मिळतील.

अशा ठिकाणी ड्रायव्हरने दोन्ही हात स्टीअरिंगवरून काढले आणि संत्रं सोलायला घेतलं. गाडी चाललेली. आपटायला चारी दिशांना काही नाही, वळायला कारण नाही. काकांचा उजवा पाय खाड्‌कन दाबला गेला. ड्रायव्हरने संत्र्याच्या दोन फोडी त्यांच्या हातावर ठेवल्या. मग थांबून त्याने डॅशबोर्डवरचा प्लॅस्टिकचा डायनासोर काढला, तो मिठावर जवळ ठेवला आणि आम्हाला लांब उभं करून असे फोटो काढले की राक्षसी डायनासोर आमच्या मागे लागला आहे. ‘अजून जरा डावीकडे सरका,’ असं त्याने स्पॅनिशमध्ये हात हलवून काकांना इतक्या वेळा सांगितलं, की हिशेब पुरा झाला.

उयुनीच्या वेशीवर जुन्या वाफेच्या इंजिनांची दफनभूमी आहे. खाणींचा माल समुद्राकडे नेणारी ही इंजिनं, रेल्वेचे चांगले दिवस संपल्यावर जागच्या जागी सोडून दिलेली. खारा वारा त्यांना कित्येक दशकं खातो आहे. काका एकावर चढले. बॉयलरला भोकं, घंटा गायब, अर्धा पत्रा उडालेला. ते चालकाच्या जागी उभे राहिले, एका गंजक्या दांड्यावर हात ठेवला आणि समोर पाहू लागले. त्यांच्या हातात पहिल्यांदाच पूर्ण ताब्यात असलेलं वाहन आलं होतं.

काकू खालून ओरडल्या, ‘अहो, जरा हळू घ्या! पुढे वळण आहे!’